ते आमाले पुसाले आली

२ डिसेंबर, मंगळवार

मेथीला पाणी सोडलं. लाईट मधेच गेली, अर्धा वाफा कोरडा राहिला.

दुपारी लेले मॅडमचा फोन. अर्चनाच्या पीएच.डी.च्या गाइड. गणपतीत अर्चना गेली तेव्हा दवाखान्यात भेटल्या होत्या, त्यानंतर आजच. वीस तारखेला वाशीमच्या कॉलेजात तिच्या नावानं व्याख्यान ठेवलं आहे. मॅडम स्वतः पुण्याहून येणार. तिच्या इंग्रजी प्रबंधाचं त्या मराठी पुस्तक करत आहेत, त्याची घोषणा तिथेच होईल. मला म्हणाल्या, वडील म्हणून सुरुवातीला दोन शब्द लिहा. मी म्हटलं, मी पशुसंवर्धन खात्यात होतो, जन्मभर लसीकरणाचे तक्ते भरले. म्हणाल्या, तुम्हाला येईल तसं लिहा.

हिला सांगितलं. डेंग्यूचं नाव घरात कोणी काढत नाही, तरी मच्छरदाणी मात्र रोज न चुकता लावते. भाजीत मीठ विसरते, नाहीतर दोनदा पडतं. मी खातो.

३ डिसेंबर, बुधवार

मॅडमनी पत्रिका मोबाईलवर पाठवली. वर अर्चनाचा चष्म्यातला फोटो. विषय 'मानवशास्त्राचे निर्वसाहतीकरण'. शब्द दोनदा वाचला. त्याखाली ठळक अक्षरात एक वाक्य,

"ते आम्हाला पुसून टाकायला आले होते."

आणि बारीक अक्षरात, 'एक वृद्ध शेतकरी स्त्री, कामरगाव परिसर'. पुस्तकाचं नावही तेच राहणार.

ही तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वाचून दाखवलं. हात थांबले. "हे कोनं म्हटलं?"

मी म्हटलं, कामरगावकडची म्हातारी म्हणजे तुझी अनसूयामावशीच. अर्चना तिच्याकडेच तर राहिली होती, तिचंच गाव तर प्रबंधात आहे.

"मावशीनं असं नाई म्हटलं. मी होती ना तिथं."

मग हिनं सांगितलं. अर्चनाला सोडायला ही गेली होती तेव्हाची गोष्ट. शेजारीण अंगणात आली, ही चष्मेवाली कोण म्हणाली. मावशी म्हणाली, "माह्यी नात हाय. पुन्यात लय शिकली. ते आमाले पुसाले आली. दुसरं कोन पुसते आमाले?" अर्चना हसली आणि तिथेच लिहून घेतलं.

ते म्हणजे ती. पुसाले म्हणजे विचारायला. आपल्याकडे बाईलाही ते म्हणतात. आणि कोणी पुसत नाही म्हणजे कोणी किंमत देत नाही. पुण्याच्या कानाला ते म्हणजे खूपसे लोक, आणि पुसणं म्हणजे फळा पुसणं.

मॅडमची चूक झाली. उद्या सांगतो.

४ डिसेंबर, गुरुवार

फोन केला. सरळ बोलता आलं नाही. विचारलं, ते वाक्य कुठून घेतलं. मॅडम एकदम मोकळ्या झाल्या. ते वाक्य म्हणे फार फिरलं आहे. अर्चनाचा लेख बाहेरदेशी छापून आला, त्यात होतं. मग परिषदांमध्ये लोक म्हणायला लागले. त्यांच्या विभागाच्या दारावर मुलांनी रंगवलं आहे. विभागात एक काचेचं कपाट आहे, त्यात साहेबाच्या काळातले स्टीलचे चिमटे. डोकी आणि नाकं मोजायचे. कोणाचं नाक किती रुंद, त्यावरून कोणती जात वरची कोणती खालची, असं तेव्हाच्या पुस्तकांत लिहिलेलं. मुलं म्हणाली चिमटे फेका. विभागप्रमुख म्हणाले, फेकले तर शिकवायचं काय, शास्त्र तिथूनच सुरू होतं. दोन तट पडले. अर्चना म्हणाली, फेकू नका, कपाटातही ठेवू नका. टेबलावर ठेवा, प्रत्येकानं आधी स्वतःचं डोकं मोजून घ्यावं. दोन्ही तट तिच्यावर रागावले.

हे मला माहीत नव्हतं. घरी आली की झोपायची आणि वांग्याची भाजी मागायची.

मग म्हटलं, मराठी वाक्य तुम्ही केलं का. हो म्हणाल्या, पण इंग्रजीवरून. "आणि इंग्रजी अर्चनाचंच. मी त्यात स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला म्हणे टोकलं होतं, की म्हातारी खरंच असं म्हणाली का. अर्चना म्हणाली, माझ्या घरची माणसं काय बोलतात ते मला कळतं.

मी बरं म्हणून फोन ठेवला.

म्हणजे चूक मॅडमची नाही.

७ डिसेंबर, रविवार

कारंज्यापर्यंत एसटी, तिथून जीपनं कामरगाव, मग पायी. हिनं मावशीला फोन करून टाकला होता. मला न सांगता. करायला नको होता. पत्रिका गावातल्या पोरांच्या मोबाईलवर आधीच गेली होती म्हणा.

मावशी पालकाच्या जुड्या बांधत होती. आज बाजार नाही तरी बांधत होती. पाणी दिलं, पण नेहमीसारखं या जवाईबापू म्हणाली नाही. पोरं चिडवतात म्हणे. "अनसामाय, तुले कोनं पुसून टाकलं वं? चांगली धडधाकट त दिसून राह्यली." हसण्यावारी नेलं तिनं. पण नंतर सरपंचाच्या बायकोनं दळणाच्या गिरणीवर विचारलं, की नात तुमच्यापाशी राहिली, तुमच्या ताटात जेवली, आणि तुम्ही तिच्याबद्दल असं सांगितलं? ते लागलं तिला.

मी म्हटलं, मावशी, पुण्याच्या लोकांना आपली बोली कळत नाही, होतं असं.

"अर्चीले त कये ना."

अर्चनाला तर कळायचं, हे खरंच.

मग मावशीनं जुडी खाली ठेवली. "मी किती दिसाची? वर गेल्यावर पोरगी पुसीन मले, आजी, काहून असं बोलली वं माह्यासाठी. मी काय सांगू? तुमी सांगा त्या मॅडमले. समद्यायच्या म्होरं सांगा. मी चांगलं बोलली होती."

सांगतो म्हटलं.

निघताना पालक दिला. मॅडमनी मावशीलाही व्यासपीठावर बोलावलं आहे, गाडी पाठवणार आहेत. येणार का विचारलं, तर म्हणाली, येतो ना, कायले नाई.

९ डिसेंबर, मंगळवार

सारखं डोक्यात तेच.

अकरावीला अकोल्याच्या वसतिगृहात गेली, पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा मले तुले गेलं होतं. मला तुला. तिथल्या मुली हसायच्या. ही म्हणाली होती, बाई, साहेबीण झाली. पुसलं म्हणायची नाही, विचारलं म्हणायची. एवढ्या वर्षांनी मावशीच्या अंगणात बसली तेव्हा पुसाले या शब्दाचा अर्थ तिला फळा पुसणं एवढाच राहिला असेल का? असू शकतं. मग ज्या गोष्टीत तिचं नाव झालं, तिथेच ती चुकली. आपल्याच आजीचं बोलणं तिला कळलं नाही.

नाहीतर कळलं होतं आणि तरी तिनं तसं लिहिलं.

दोन्हीपैकी कोणतं बरं? बाप म्हणून मला कोणतं हवं आहे हेच समजत नाही.

गायीला ताप. नव्या डॉक्टरला फोन केला, उद्या येतो म्हणाला. मीच इंजेक्शन दिलं.

१४ डिसेंबर, रविवार

प्रबंध काढला. निळं पुठ्ठ्याचं बाइंडिंग. डिक्शनरी घेऊन तिसरं प्रकरण वाचतो आहे. दिवसाला दोन-तीन पानं होतात. त्यातच ते वाक्य आहे, प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला. पुढे ती लिहिते, साधारण असं, की चिमटे कपाटात गेले म्हणून मोजणं थांबलं नाही. आता आपण प्रश्नांनी मोजतो. माणूस बोलतो, आपण त्यातलं हवं ते उचलतो, परक्या भाषेत नेतो, आणि तो माणूस त्यात उरत नाही. मी याच गावची नात आहे, म्हणून मी हे करत नाही असं मला म्हणता येणार नाही.

हे वाचून पुस्तक मिटलं.

तिनं 'ते' म्हणजे ती स्वतः, हे ओळखूनच लिहिलं असेल तर? मावशी तिच्याबद्दल चांगलं बोलली, आणि तिनं तेच आपल्यावर आरोपासारखं घेतलं? असं कोणी करतं का? पण मग तसं स्पष्ट लिहायला काय झालं होतं. टीप द्यायची. एक ओळ. इथला शब्द असा, त्याचे अर्थ दोन. सगळ्या प्रकरणात अशी ओळ नाही. दुसऱ्या शब्दांना टिपा आहेत, वखर, धुरा, सालदार, सगळ्यांना.

मीही गावोगाव विचारत फिरलो. पशुगणनेला जायचो. लोक जनावरं कमी सांगायचे, कर लागेल म्हणून. मग गायींच्या कानात बिल्ले मारायचं निघालं. गाय मान झटकायची, मालक मान वळवून उभा राहायचा. मला कधी वाटलं नाही की यात काही विचार करण्यासारखं आहे. काम होतं, केलं. ती घरात बसून माझी हकिकत ऐकायची. तेव्हा लहान होती. तिनं त्यातून काय घेतलं कोणास ठाऊक.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज मॅडमना सांगायचं ठरवलं होतं. फोन हातात घेतला, त्यांचाच आला. हॉलचा फलक तयार झाला, फोटो पाठवला म्हणाल्या. वाक्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या रडत होत्या. अर्चना म्हणे त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. मी त्यांनाच धीर देत बसलो.

ही म्हणाली, सांगितलं का. म्हटलं, तिथे समोरासमोर सांगतो. ही म्हणाली, तुमी नाई सांगणार.

२० डिसेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मावशी गाडीतून आली, नवं लुगडं. लोकांना बघून माझ्या बाजूलाच उभी राहिली. मी मॅडमना बाजूला घेणार तोच प्राचार्य आले, पुष्पगुच्छ, फोटो. पुढच्या रांगांत पुण्या-मुंबईचे पाहुणे, एक गोरी बाई. मागे कॉलेजची मुलं आणि वाशीमजवळच्या मालेगाव, शिरपूरकडचे आमचे लोक.

मॅडम चांगलं बोलल्या. मला राग आला नाही. हे शास्त्र राज्य करणाऱ्यांनी आपल्याला ओळखण्यासाठी, म्हणजे ताब्यात ठेवण्यासाठी काढलं, आणि साहेब गेल्यावर त्यांच्या खुर्चीत आपण बसलो, असं म्हणाल्या. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना माहितगार म्हणायचं नाही, ज्ञानधारक म्हणायचं. मागून एक पोरगा उठला, "मॅडम, हे निर्वसाहतीकरण बी पुन्यावरूनच येते का?" मागच्या रांगा हसल्या. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे.

मग मावशीला ज्ञानधारक म्हणून पुढे नेलं. माइक हातात दिला. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमचं ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. सांगायला मीच उठायला पाहिजे होतं. मी खुर्चीतच.

मग ती स्वतःच बोलली. आवाज बारीक, पण चुकली नाही. "ते आमाले पुसाले आली. लय पुसलं त्या पोरीनं आमाले. असं कोनीच पुसलं नाई आजवर."

पुढच्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. गोरी बाई उभी राहिली. मॅडमनी डोळे टिपले. मागच्यांना तर कळलं होतं. शिरपूरचा आमचा नात्यातला प्रकाश, त्याला नक्की कळलं होतं, तो आधी दोन्ही बाजूंना बघत होता. मग पुढचे वाजवत आहेत म्हणून मागच्यांनीही वाजवल्या. सगळा हॉल. मीही वाजवल्या.

मावशीला वाटलं, सगळ्यांना कळलं. खाली आली ती खूष होऊन. म्हणाली, "पाह्यलं ना, तुमी उगंच भेत होते."



२१ डिसेंबर, रविवार

सकाळी मॅडमना फोन केला आणि सांगितलं. सगळं. ते म्हणजे ती, पुसाले म्हणजे विचारायला, अंगण, शेजारीण, ही तिथे होती. पंधरा दिवस जे जमलं नाही ते चहा निवेपर्यंत सांगून झालं.

त्यांनी पुसाले हा शब्द एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, "विचारपूस." मी हो म्हटलं. "विचारपूस मला माहीत आहे हो. रोज म्हणते मी. मी इंग्रजी आधी वाचलं ना."

मग त्यांनी तेच विचारलं. अर्चनाला माहीत होतं का?

मी म्हटलं, मला सांगता येत नाही.

त्या विचार करून बोलल्या. असं म्हणाल्या, की सांगितलं नाही तर मावशीच्या तोंडी खोटं राहील, आणि आपण जे नको म्हणतो आहोत नेमकं तेच होईल. सांगितलं, तर विभागात जे अर्चनाच्या विरुद्ध होते ते म्हणतील, बघा, घरच्या माणसाला घरची भाषा कळली नाही, नाहीतर कळूनही वाकवली. मोजणारे निदान आकडा बदलत नव्हते, असं म्हणतील. तिचं बाकीचं कामही त्यात जाईल. आणि ती उत्तर द्यायला नाही. मॅडम म्हणाल्या, मी एकटीनं ठरवणं बरोबर नाही. पुस्तक आठ दिवस थांबवते. तुम्ही सांगाल तसं करू. दुरुस्ती करायची तर तुमच्या दोन शब्दांत करा, तुमच्या नावानं.

त्यांनी टाळलं असं म्हणवत नाही. त्याही थकल्या आहेत.

२४ डिसेंबर, बुधवार

दोन शब्द लिहायला बसलो. 'माझी मुलगी अर्चना हिचा जन्म' एवढं झालं. पुढे 'हिच्या हातून', तिथे थांबलो. खोडलं. 'हिने जाणूनबुजून', तेही खोडलं. 'हिला कदाचित'.

ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, आधी तिचं चांगलं लिहा, मग ते. मी म्हटलं, ते लिहिलं की आधीचं कोण वाचणार.

तुरीवर अळी. उद्या फवारणी.

२७ डिसेंबर, शनिवार

मावशीचा फोन. ती स्वतः करत नाही, कोणाकडून तरी लावून घेतला. वाशीमला सगळ्यांना कळलं असं समजून आठवडाभर आनंदात होती. काल प्रकाश तिच्या गावी गेला आणि बोलून बसला, की टाळ्या उलट्याच अर्थाला होत्या. पुस्तकातही तसंच छापणार आहेत.

"तुमी सांगतलं का त्या मॅडमले?"

सांगितलं म्हटलं.

"मंग? काय म्हने?"

खरं ते सांगितलं. छापायला थांबल्या आहेत. पण बदललं तर अर्चना चुकली असं लोक म्हणतील. किंवा त्याहून वाईट म्हणतील.

तिकडून कोंबड्यांचा आवाज आला. मग म्हणाली,

"असं हाय का. मंग राहू द्या, जवाईबापू. माह्याच नावावर राहू द्या ते. बुढीचं काय. पोट्टीले बोल लागाले नको."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर म्हणाला होता, वर गेल्यावर.

"ते मी पाहून घेईन."

फोन ठेवला. हिला सांगितलं. ही म्हणाली, मावशीचं ऐकू नका. ते छापलं तर तिच्या दारात मला पाऊल ठेवता येणार नाही. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, ऐका तिचं. मग पुन्हा आत गेली.

कागद तसाच आहे. 'हिला कदाचित' इथपर्यंत.

सोमवारी मॅडम फोन करणार आहेत.